तिसरी पायरी सोडून

एक, दोन, चार.

शिट्टी वाजवता न येणारा एक सुतार.

बियाण्याच्या घेवड्याची गोणी, आणि शेजाऱ्यांची आजारी गाय.

उलटा फिरणारा नळ. गुडघ्याने उघडायचं फाटक.

झाडावर उरलेली दोनशे-सव्वादोनशे फळं, आणि परवा हिम पडणार असल्याची रेडिओवरची बातमी.

"उद्या बघू."

मित्रांनो, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध माझ्याशी आहे. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. अकरा पायऱ्यांची. माझी गोष्ट मी पायरी-पायरीने सांगणार आहे, पण या घरातल्या माणसांनी मला अशी काही सवय लावली आहे की तिसरी पायरी आपोआप गाळली जाते. तिच्यापाशी मी नंतर येईन. तोवर रागावू नका. रागावण्याचं काम गेली एकोणीस वर्षं मी एकटी करते आहे, आणि ते मला पुरून उरलं आहे.

पहिली पायरी

मला एका सुताराने घडवलं. काम करताना तो ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवायला जायचा आणि नुसती हवा बाहेर पडायची. पण हात सोन्याचा. माझे दोन्ही दांडे त्याने एकाच सरळसोट खोडातून काढले. लाकूड दोन वर्षं सावलीत वाळवलं होतं. पायऱ्या मात्र वेगळ्या, जड लाकडाच्या. एकेक पायरी खाचेत बसवून तो मोगरीने ठोकायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि पटला नाही तर काढून पुन्हा बसवायचा.

काम संपल्यावर त्याने मला भिंतीला टेकवलं आणि स्वतः प्रत्येक पायरीवर उभा राहून दोन-दोन उड्या मारल्या. ज्या शिडीवर आपण उभे राहत नाही तिच्यावर दुसऱ्याला कशाला चढवायचं, असं त्याचं म्हणणं होतं. मला न्यायला आलेल्या म्हाताऱ्या मालकांना त्याने तीन गोष्टी बजावल्या. वर्षातून एकदा तेल पाजा. पावसात ठेवू नका. आणि कुठे काही करकरलं, तर त्याच दिवशी मला बोलवा.

मालक होते तोवर या तिन्ही गोष्टी झाल्या. मग मालक गेले. तेलाची बाटली कोठीत कुठेतरी अजून असेल.

दुसरी पायरी

आमचं शेत लहान आहे. घराच्या मागे परसबाग, तिच्या पलीकडे उतारावर कंद, कोबी आणि घेवडा, आणि मधोमध नासपतीचं एकच मोठं झाड. बाजूला कोठी. कोठीच्या वर माळा, आणि माळ्यावर जायला मी. एरवी मी पडवीत दोन खुंट्यांवर आडवी लटकलेली असते. नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यामुळे या घरात कोण कोणाला काय बोललं ते मला ठाऊक असतं. मला बोलता येत नाही हे त्यांचं नशीब.

वर्षातले दहा महिने मला कोणी विचारत नाही. पानगळ संपत आली की मात्र एकदम सगळ्यांना माझी आठवण होते. पन्हळीत पानं साचली, आणा शिडी. वेलींचे मांडव उतरवायचेत, आणा शिडी. भोपळे माळ्यावर चढवायचेत, कुठे गेली ती शिडी? आणि सगळ्यांत शेवटी नासपती. आमचं झाड उशिराचं. त्याची फळं तोडताना दगडासारखी असतात. माळ्यावर पेंढ्यात, एकमेकांना न चिकटू देता, महिनाभर ठेवली की मऊ होतात, आणि मग घरात असा वास सुटतो की सगळी भांडणं अर्ध्या आवाजात होतात.

त्या दिवसांत माझं कौतुकही व्हायचं. शेजारी मला मागून न्यायचे, परत करताना दांड्यावर थाप मारून म्हणायचे, अशी शिडी आता मिळत नाही. मला बरं वाटायचं. कौतुक ऐकून बरं वाटतं, हे मी लपवत नाही.

यंदापर्यंत घरात माणसं तीन. म्हाताऱ्या मालकांची मुलगी, जिला गावभर आत्या म्हणतात. तिचा धाकटा भाऊ, ज्याला त्याचा स्वतःचा मुलगासुद्धा दादा म्हणतो. आणि तो मुलगा, ज्याला सगळे लंबू म्हणतात. लंबूची आई तो पाळण्यात असतानाच गेली. तेव्हापासून घर, बाग, कोंबड्या, लंबू आणि दादा, सगळं आत्यांनीच वाढवलं.

चौथी पायरी

तिसरी कशी गेली, ते मी चौथीवर उभी राहून सांगते. तिच्यावर उभं राहण्यात अर्थ नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, अशाच पानगळीच्या शेवटी, दादा खांद्यावर बियाण्याच्या घेवड्याची गोणी घेऊन माळ्यावर चढत होते. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि कुंपणापलीकडून शेजारी दिसले. शेजाऱ्यांची गाय आजारी होती. दादांनी तिची चौकशी केली. मग चाऱ्याची केली. मग जनावरांच्या डॉक्टरची, डॉक्टरच्या जावयाची, जावयाच्या मोटारसायकलची. गोणी खांद्यावर. पाय तिसऱ्यावर. पाऊण तास.

कट् असा आवाज झाला.

दादांनी बोलणं थांबवलं. खाली उतरले, गोणी ठेवली, वाकून पाहिलं. पायरीला आडवी चीर गेली होती. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, चीर मिटली, अंगठा काढला, चीर उघडली. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग म्हणाले, "उद्या बघू." आणि तिसरी पायरी ओलांडून वर गेले.

मित्रांनो, मला कपाळ असतं, तर त्या दिवसापासून मी कपाळाला हात लावून बसले असते. हात असते तर.

पाचवी पायरी

माणसाला कुठल्याही गोष्टीची सवय होते, ही त्याची मोठी शक्ती आहे असं मी खिडकीतून पुष्कळदा ऐकलं आहे. शक्ती कसली, तो आळसच, जरा धुवून-वाळवून ठेवलेला.

आठवड्याभरात तिघांनाही तिसरी पायरी सोडून चढण्याची सवय झाली. आत्या चढताना मोठ्याने म्हणायच्या, "एक, दोन, चार." दादा मनात म्हणायचे. लंबू तेव्हा सहा वर्षांचा. आत्यांच्या मागे उभा राहून तोही म्हणायचा. तो शाळेत गेला, आणि बाईंनी आकडे म्हणायला सांगितल्यावर सगळ्या वर्गापुढे खणखणीत आवाजात "एक, दोन, चार, पाच" म्हणाला. बाईंना वाटलं चुकला असेल. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

चिठ्ठी वाचून आत्या पडवीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दादा हसले. शेजाऱ्यांना बोलावून चिठ्ठी दाखवली, तेही हसले. मग लंबूला बसवून तीन हा आकडा शिकवला.

पायरी कोणी दुरुस्त केली नाही.

सहावी आणि सातवी, एकदम, कारण लंबू असाच चढतो

लंबू वाढला आणि इतका उंच झाला की तिसऱ्या पायरीचा प्रश्नच त्याच्यापुरता मिटला. तो दोन-दोन पायऱ्या एकदम टाकतो, दुसरीवरून थेट चौथीवर. त्याच्या दृष्टीने मी धडधाकट आहे.

सुतार आमच्याकडे या काळात किमान आठ वेळा येऊन गेला. एकदा खुराड्याचं दार करायला, एकदा आत्यांच्या पलंगाचा पाय बसवायला, बाकीच्या वेळी कशाकशाला. प्रत्येक वेळी मी एक तर शेजारी गेलेली असायचे, नाहीतर माळ्याला लावलेली आणि माळ्यावर भोपळे ठेवायचं काम अर्धवट. एकदा तर कोठीचं छत नीट करायला सुतार स्वतः माझ्यावर चढला. मी म्हटलं, आता झालं. ज्याने मला घडवलं त्याच्या पायाला तरी कळेल. तेवढ्यात दादा खालून म्हणाले, "तिसरी सोडा हं." आणि त्या माणसाने, ज्याने माझ्या प्रत्येक पायरीवर दोन-दोन उड्या मारल्या होत्या त्या माणसाने, तिसरी सोडली. वर जाऊन काम केलं. उतरताना पुन्हा सोडली. चहा प्यायला आणि गेला.

पुढच्या वर्षी तो वारला. आता त्याची मुलगी कारखाना चालवते.

एवढी वर्षं मी त्या चिरलेल्या पायरीवर सुतळी गुंडाळलेली पाहिली, ती सुटलेली पाहिली. एकदा कोणीतरी खिळा ठोकला, त्याने चीर आणखी वाढली. याला दुरुस्ती म्हणत असतील तर म्हणोत.

आठवी पायरी

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर लंबूचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली.

ती आधी औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे म्हणे प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक खणावर, प्रत्येक पुडीवर लिहिलेलं असतं की आत काय आहे आणि ते कसं घ्यायचं. अशा जागेतून मुलगी आमच्या घरात येते म्हणजे काय, याचा विचार करा.

पहिल्याच दिवशी परसातला नळ बंद करायला गेली आणि नखशिखांत भिजली. आमचा नळ उलटा फिरतो. दादा म्हणाले, तो तसाच आहे. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या कडीत बोट चेमटलं. फाटक आधी गुडघ्याने उचलायचं आणि मग कडी काढायची. आत्या म्हणाल्या, हळूहळू कळेल तुला. शेगडीच्या डाव्या बटणाने पोळली. पाटाच्या मोडक्या पायाने पडली. खुराड्याचं दार आधी आत ढकलून मग बाहेर ओढायचं असतं हे न कळल्याने ते अख्खं तिच्या हातात आलं, आणि अकरा कोंबड्या कोबीत गेल्या. लंबू हसला. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

पाच महिने हेच चाललं. दर वेळी तिला लागायचं आणि दर वेळी कोणीतरी म्हणायचं, अगं, ते तसंच आहे. ती काही बोलायची नाही. पण खिडकीतून भांडी ठेवल्याचा आवाज यायचा, आणि भांडी कशी ठेवली जातात त्यावरून मला पुष्कळ कळतं. आवाज महिन्या-महिन्याला वाढत होता.

मी पडवीतून ऐकत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पानगळ संपत आली होती. आता माझी पाळी येणार होती.

नववी पायरी

रेडिओवर बातमी आली की परवा हिम पडणार. नासपतीवर दोनशेच्या वर फळं होती. हिम लागलं की ती आतून काळी पडतात. दादा आणि लंबू उतारावरचे कंद काढायला गेले. फळं तोडायचं काम दरवर्षी आत्यांचं. यंदा त्या सूनबाईला म्हणाल्या, कंबर धरली आहे, तू चढ, मी खाली उभी राहते.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. मागच्या दोन पानगळींत आत्यांचा पाय माझ्यावर नेहमीसारखा पडत नव्हता. आधी अंगठा पायरी चाचपायचा, मग टाच टेकायची. एक, दोन, चार हे आकडे त्या पूर्वी गमतीने म्हणायच्या, आता ओठ घट्ट मिटून, अगदी हळू म्हणायच्या. मला वाटलं, वय झालं. मी जास्त विचार केला नाही. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात माझा पुष्कळ वेळ जातो.

सूनबाई टोपली घेऊन माझ्यापाशी आली. आत्यांनी तिला फळ कसं तोडायचं ते समजावलं. तळहात खाली धरायचा, फळ वर उचलायचं, मग अलगद पिरगाळायचं. ओढायचं नाही. देठासकट आलं पाहिजे, देठ तुटला तर तिथून सडतं. दाबून पाहायचं नाही. टोपलीत टाकायचं नाही, ठेवायचं. टोपलीच्या तळाला गोणपाट आहे ना ते बघ. मित्रांनो, पाव तास. फळाच्या देठाबद्दल पाव तास. मी वाट पाहत होते. आता सांगतील. आता सांगतील. शेवटी आत्या म्हणाल्या, "चढ."

ती चढली. तिसरीवर तिचा पाय पडला. पण टोपली रिकामी होती, आणि पाय अगदी कडेला, दांड्याजवळ पडला. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून धरून राहिले. ती वर गेली. भरलेली टोपली दोरीने खाली सोडली, रिकामी वर ओढली. चांगलं काम करत होती. देठ एकही तुटला नाही. दुसरी टोपलीही तशीच खाली सोडली. मग आत्या मोजायला बसल्या, आणि मोजून झाल्यावर माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला.

तिसऱ्या टोपलीच्या वेळी दोरी फांदीत अडकली. सूनबाईने ती सोडवायचा प्रयत्न केला, मग कंटाळून भरलेली टोपलीच कोपरात अडकवली आणि उतरायला लागली. पाठमोरी. खाली न बघता. आठ. सात. सहा. पाच. चार.

तिसरी पायरी

या वेळी पाय बरोब्बर मध्ये पडला.

दहावी पायरी

उंची फार नव्हती. पण हातात टोपली होती, आणि तिने टोपली सोडली नाही. फळं वाचवायला गेली आणि मनगट गेलं. फळं तरी कुठे वाचली? सगळ्या बागेत पसरली. आपटलेलं फळ माळ्यावर ठेवता येत नाही.

दादा आणि लंबू पळत आले. दादांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घाबरलेला माणूस जे पहिलं तोंडात येईल ते बोलतो तसं म्हणाले, "अगं, तिसऱ्या पायरीवर पाय कोण ठेवतं? सगळ्यांना माहीत आहे ते."

सूनबाई गवतात बसलेली, हात छातीशी धरून. रडत नव्हती. म्हणाली, "सगळ्यांना? मग मी कोण?"

लंबूने तिला उठवलं आणि दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत आली तेव्हा डाव्या हातात कपड्यांची पिशवी होती. पिशवी तिने उंबऱ्याशी ठेवली आणि तिघांना बाहेर बोलावलं.

आवाज चढवला नाही. म्हणाली, संध्याकाळच्या गाडीने माहेरी जाते. हात बरा होईपर्यंत तिथेच राहीन. पुढचं तुमच्यावर. या घरात असं जे जे काही आहे, जे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही, ते सगळं आज मला सांगा. आजच. एक जरी लपलं आणि मला नंतर लागलं, तर मी परत येणार नाही.

लंबू तिच्याकडे बघत राहिला. ती असं बोलेल हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं, भांड्यांमुळे.

"लिहायला घे," ती त्याला म्हणाली. "माझा हात चालत नाही."

लंबूने वही आणली आणि खाटेवर बसला, गुडघे कानापर्यंत. सुरुवात दादांनी केली. नळ. फाटक. ते तिला माहीतच होतं, पण तिने लिहायला लावलं. मग खुराडं, शेगडी, पाट. कोठीच्या दाराखालची फरशी, जी डावीकडे पाय ठेवला तर उचलली जाते. विळ्याची मूठ. एवढ्यावर दादा थांबले आणि म्हणाले, झालं. आत्या म्हणाल्या, झालं कसलं? वरच्या खोलीची खिडकी सांग, वाऱ्यात आपटते ती. दादा म्हणाले, कोणती खिडकी? ती गेली चार वर्षं त्यांना माहीतच नव्हती. कारण आत्या रोज संध्याकाळी तिला चिंधी अडकवतात. मग लंबूने हळूच सांगितलं की फवारणीच्या पंपाची नळी गळते आणि तो ती दाताने आवळतो. "दाताने?" आत्या म्हणाल्या. "औषधाची नळी?" मग थोडा वेळ सगळे एकमेकांवरच ओरडले. वहीत एकेक ओळ वाढत होती. मी अकरावी होते. "शिडी, तिसरी पायरी," लंबूने लिहिलं, आणि त्याचं अक्षर तिथे जरा बिघडलं.

दुपारपर्यंत चौतीस गोष्टी झाल्या. तिघं दमले होते. एका घरात इतकी वर्षं राहून एकमेकांच्या इतक्या चिंध्या आणि सुतळ्या आपल्याला ठाऊक नव्हत्या, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

"झालं?" सूनबाईने विचारलं.

दादा म्हणाले, झालं. लंबू म्हणाला, झालं.

आत्या उंबऱ्याजवळच्या पिशवीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक राहिलं. लिही."

लंबूने पेन उचललं.

"माझा डावा डोळा."

मग दादांनी विचारलं, "कधीपासून, ताई?"

"दोन वर्षं होतील. धुकं असल्यासारखं दिसतं, आता तर तेही नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

दादांनी खाली पाहिलं. काय म्हणाले असते ते त्यांनाही माहीत होतं, मलाही, आणि तुम्हालाही.

आत्या सुनेकडे वळल्या. म्हणाल्या, "पायरीचं आधीच सांगितलं तर तू घाबरशील, असं वाटलं. म्हटलं, उतरताना तुझा पाय तिथे येताना दिसला की सांगेन. मी बघत होते गं. दिसलाच नाही."

मित्रांनो, मी एकोणीस वर्षं चिडलेली आहे आणि मला त्याचा सराव आहे. पण त्या क्षणी माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. दोन वर्षं मी त्यांचा अंगठा चाचपताना सोसला आणि म्हटलं, वय झालं. म्हणजे मीही तेच केलं होतं.

सूनबाई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसली होती. मग लंबूला म्हणाली, "पस्तीस. आत्यांचा डावा डोळा. त्याच्यापुढे खूण कर, हे सगळ्यांत आधी." आणि आत्यांना म्हणाली, की उद्या प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जायचंच आहे, तर तुम्हीही चला, डोळ्यांचे डॉक्टर त्याच इमारतीत बसतात.

"आणि गाडी?" लंबूने विचारलं. "संध्याकाळची?"

"बघते," ती म्हणाली. आणि म्हणाली, "उद्या बघते असं नाही म्हणाले. आता बघते." आणि आत गेली.

पिशवी उंबऱ्याशीच राहिली. रात्री हिम पडलं. उरलेली फळं दादांनी आणि लंबूने अंधार पडायच्या आत उतरवली होती, माझ्यावरूनच, तुटलेली पायरी ओलांडून. दोन दिवसांनी मी पाहिलं, तर त्या पिशवीत कांदे भरलेले होते.

अकरावी पायरी

आत्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. दीड महिन्याने काढतील. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता, तर आत्या म्हणाल्या, काम.

वहीतल्या गोष्टी एकेक करून होताहेत. नळ सरळ फिरतो आणि आता आत्या, दादा आणि लंबू रोज भिजतात. सुताराची मुलगी आली होती. तिने तुटकी पायरी काढली, खाच साफ केली, नवी पायरी बसवली आणि कान लावून ऐकलं. मग चढून उभी राहिली. उड्या मारल्या नाहीत, पण टाचा आपटल्या. मला तेल पाजायला तिने बाटली मागितली, आणि ती खरोखरच कोठीत सापडली.

आता मी पूर्ण अकरा पायऱ्यांची आहे. आणि तरीही, मित्रांनो, दादा अजून तिसरी पायरी ओलांडूनच चढतात. मी खालून ओरडू शकत नाही. पायरी नवी आहे, पक्की आहे, त्यांनी स्वतः बसवून घेतली आहे, आणि पाय आपोआप उचलला जातो. तिच्यावर पूर्ण पाऊल ठेवते ती एकटी सूनबाई. प्लास्टर असताना एकदा सगळ्यांसमोर येऊन तिने मुद्दाम ठेवलं. माझ्या अंगावरून कोणी इतकं ठामपणे गेल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही घरात काहीतरी असेल. एखादी खुर्ची, एखादं दार, एखादी तार. जे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणून ज्याबद्दल कोणी बोलत नाही. आजच सांगा. मोठ्याने सांगा. आणि एवढंच सांगून थांबू नका, घरातल्या प्रत्येकाला विचारा की तुझं काय मोडलं आहे. वस्तूंची काळजी घ्या असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो. पण सुतळी आम्ही स्वतःला बांधत नाही. ती तुम्ही बांधता, आणि कधीकधी स्वतःलाही बांधता.

आणि माझ्याकडचं एक राहिलं. नासपती तोडायच्या त्या दिवशी सकाळी, सूनबाई बागेत येण्याआधी, आत्या एकट्याच टोपली घेऊन माझ्यापाशी आल्या होत्या, पहिल्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या होत्या, दुसरी अंगठ्याने चाचपत राहिल्या होत्या, आणि खाली उतरल्या होत्या.